बेळगाव रात्री नऊला झोपतं का? आणि तरुण मंडळी आठवडाभर करतात काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, पुण्यात वाढलात, उद्यमबागेतल्या एका कंपनीत नोकरी लागलीय. सगळे सांगतात बेळगाव नऊला झोपतं. तर इथली नोकरीवाली पोरं-पोरी मित्रमंडळींना कुठं भेटतात, रात्री कुठं जातात, आणि पेपरात दिसणाऱ्या सीमाप्रश्नाच्या बातम्यांचा रोजच्या जगण्यावर काही परिणाम होतो का?

मी उद्यमबागेतच एका मशीन शॉपच्या परचेसमध्ये आहे, घर शहापूरला. पहिल्यांदा बदनामीचं बघू. बेळगाव नऊला झोपत नाही, साडेनऊला झोपतं. गंमत सोडा, खरंच साडेनऊनंतर टिळकवाडीत रस्त्यावर कुत्री आणि आइस्क्रीमवाले एवढेच उरतात. पुण्याच्या अर्थाने पब, डीजे, पहाटेपर्यंत उघडं काही, असलं शोधत असाल तर निराश व्हाल. हॉटेलांत बार आहेत, ते अकरा-साडेअकराला शटर ओढतात, आणि तिथं मुलींचं टेबल असलं की वेटरसकट सगळे जरा जास्तच अदबीनं वागतात. ती अदब मला वैताग देते, म्हणून मी जात नाही.

सोमवार ते शुक्रवारचं फार सांगण्यासारखं नाही. उद्यमबाग म्हणजे फौंड्री, सीएनसी, हायड्रॉलिक्स. शिफ्ट सुटली की तिसऱ्या गेटकडं दुचाक्यांचा लोंढा लागतो. (इथं रेल्वेची फाटकं म्हणजेच पत्ते आहेत. पहिला गेट, दुसरा गेट, तिसरा गेट. कुणी ‘दुसऱ्या गेटजवळ ये’ म्हणालं की कुठलं गेट असं विचारू नका, नवीन आहात हे लगेच कळतं.) तिथून आरपीडी कॉर्नर किंवा गोवावेस. चहा, गिरमिट (चुरमुऱ्यांचं तिखट खाणं), मिरची भजी, पाऊस असला तर भाजलेलं कणीस. बसायला खुर्ची नसते, आपापल्या गाडीवरच बसायचं. पावणेनऊ झाले की एकेकीचा फोन वाजायला लागतो. ‘निघाले गं, गेटलाच हाय’ असं सांगायचं आणि अजून अर्धा चहा मागवायचा.

आमच्या कंपूत एक खानापूरची आहे, एक चंदगडची, शहापूर-वडगावचे दोघं-तिघं आणि आमच्या ऑफिसातला गोकाकचा एक कानडी गडी. खानापूर कर्नाटकात, चंदगड महाराष्ट्रात. दोघीही बसनं येतात. जून 2023 मध्ये कर्नाटकानं शक्ती योजना आणली तेव्हापासून खानापूरची आधार कार्ड दाखवून फुकट येते. चंदगडवालीच्या आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता, म्हणून कर्नाटकाच्या लाल बसमध्ये तिला पूर्ण तिकीट, आणि महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं अर्धं. त्यामुळे ती बसस्टँडवर एसटीचीच वाट बघत उभी राहते, पुढून दोन कर्नाटकाच्या गेल्या तरी. महिन्याच्या शेवटी तर हटकून. राज्याची सीमा नकाशावर बघायची तर बघा, आम्हाला ती तिच्या पर्समध्ये दिसते.

बातम्यांविषयी विचारलंत, तर माझं म्हणणं एवढंच की इथं बातमी ही चर्चेपेक्षा नियोजनाची गोष्ट आहे. पुण्यात असताना तुम्ही बातमी वाचून मत देत असाल, इथं बातमी वाचून आज घरी कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवतात. आमच्याकडं सकाळी ‘तरुण भारत’ येतो, बाबुराव ठाकुरांनी 1919 मध्ये इथंच सुरू केलेला. बाबा पहिल्यांदा निधनवार्ता वाचतात, आई दागिन्यांचे भाव, मी आतल्या पानावरच्या ‘वाहतूक मार्गात बदल’वाल्या चौकटी.

उदाहरण देते. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या. टीव्हीवर त्या आठवड्यात केवढा आरडाओरडा चालला होता. आमच्या ग्रुपवर मेसेज एकच होता: चंदगडवालीला शनिवारी सीमेपासून कोण घेऊन येणार? शेवटी वडगावच्या पोरानं स्कूटर काढली. किंवा डिसेंबर. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. ती इमारत 2012 पासून हायवेच्या कडेला उभी आहे, एरवी तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. अधिवेशनाच्या दिवसांत मात्र रोज नवं आंदोलन, जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेले ट्रॅक्टर, अडवलेला हायवे. लॉजची एक खोली मिळत नाही. पुण्यातून तुमच्या मैत्रिणी यायच्या असतील तर डिसेंबर सोडून बोलवा. आणि एमएच पासिंगच्या गाडीनं येणार असतील तर आदल्या दिवशी मला विचारा. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते. असं रोज होत नाही, वर्षातले बहुतेक दिवस कोल्हापूर पासिंगच्या गाड्या खडेबाजारात आरामात फिरतात. पण होतं तेव्हा ते आपल्याच रस्त्यावर होतं.

1 नोव्हेंबर तुम्हाला बघायला मिळेलच. 1956 साली त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. म्हणून सकाळी संभाजी उद्यानातून काळ्या दिनाची फेरी निघते, काळे कपडे, काळ्या फिती. आणि आदल्या मध्यरात्रीपासून चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, कानठळ्या बसवणारे डीजे. आमचा गोकाकवाला रात्री बाराला चन्नम्मा चौकात असतो, शहापूरचे दोघं सकाळी फेरीत. त्या दिवशी ग्रुपवर कुणी काही लिहीत नाही, तसं काही ठरलेलं नाही, आपसूकच. दोन तारखेला चहाला सगळे हजर. तिघांचेही घसे बसलेले. ‘काय गा, आवाज कुठं गेला?’ ‘तुझा कुठं गेला की?’ एवढ्यावर विषय संपतो. सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. आमच्यापैकी काहीजण तेव्हा बालवाडीत होते.

सगळ्यांचा घसा एकाच कारणानं बसला तो 3 जून 2025 ला, आरसीबीनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा. आमच्यात मुंबईवाले जास्त, धोनीमुळे चेन्नईवाले दोन. अठरा वर्षं ज्या टीमची टिंगल केली ती जिंकल्यावर मात्र शहापुरात ‘ई सल कप नमदे’ (यंदा कप आपलाच) ओरडणाऱ्यांत घरात कानडीचं अक्षर न बोलणारी पोरं पुढं होती. फटाके रात्री एकपर्यंत. दुसऱ्या दिवशी बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकराजण गेले. संध्याकाळी आम्ही आरपीडीला, आणि आमच्या गोकाकवाल्याचा बंगळूरातला भाऊ फोन उचलेना, तो तासभर काय गेला ते विचारू नका. भाऊ ऑफिसातच होता, फोन चार्जिंगला.

आता रात्रीचं. बेळगावची खरी रात्र क्लबात नाही, मिरवणुकीत असते, आणि ही गोष्ट बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. इथं शिवजयंती 19 फेब्रुवारीपेक्षा परंपरेच्या तिथीला, वैशाख शुद्ध द्वितीयेला जोरात होते, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी चित्ररथ निघतात. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे करतात. नरगुंदकर भावे चौकातून एकामागून एक रथ निघतात आणि शेवटचा जाईपर्यंत उजाडतं. महिनाभर आधीपासून गल्लीत तालमी चालतात. ऑफिसात दिवसभर इन्व्हॉइस भरणारा पोरगा त्या रात्री तानाजी असतो. एका वर्षी मारुती गल्लीच्या तोंडाशी रथ अडकला होता, पुढच्या मंडळाचा जनरेटर बंद पडलेला. अफजलखान झालेला पोरगा ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून कागदी कपात चहा पीत होता, दाढी चहात बुडू नये म्हणून डाव्या हातानं वर धरलेली. खाली त्याची आई उभी, ‘बिस्किट देऊ काय?’ विचारत. जनरेटर सुरू झाला तसा कप आईच्या हातात, दाढी खाली, आणि खान पुन्हा मरायला उभा.

त्या रात्री आम्ही पोरी दोन वाजता रामदेव गल्लीत उभ्या असतो आणि घरातून एकही फोन येत नाही. कारण घरचेही चार पावलांवर, दुसऱ्या कोपऱ्यावर असतात. गणपती विसर्जनाला तसंच. कपिलेश्वर तलावाकडची रांग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलत असते. नवरात्रात तर उलटं, पहाटे अंधारात दुर्गामाता दौड. एरवी साडेनऊला घरात पाहिजे असलेली मुलगी साडेचारला पांढरी साडी आणि भगवा फेटा बांधून पळायला निघते आणि घरचे तिला उठवून चहा देतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. देवाधर्माचं आणि महाराजांचं नाव असलं की रात्र सुरक्षित, मैत्रिणीचा वाढदिवस असला की असुरक्षित, हे गणित मला अजून पटलेलं नाही, आणि आईशी त्यावरून दर दोन महिन्यांनी वाजतं. तुम्ही खोली घेऊन राहणार, तुम्हाला आई नसेल, खरं घरमालकीण असेल.

शनिवार-रविवारी बेळगाव बाहेर सांडतं. पंधराएक किलोमीटरवर शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. पोरं तिकडं धाब्यावर जातात. मी पीत नाही, पण येताना गाडी माझ्याकडं असते म्हणून हिशेब मला पाठ आहे. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकानं बिअरवरचा कर वाढवला तेव्हा शिनोळीची वारी वाढली. जूनमध्ये महाराष्ट्रानं विदेशी दारूवरचा वाढवला तेव्हा व्हिस्कीवाले परत बेळगावात, बिअरवाले शिनोळीतच. अर्थसंकल्प कुणी वाचत नाही म्हणतात, आमच्यातला एक वाचतो. गोव्यात सगळंच स्वस्त, पेट्रोलसकट, पण तिथली बाटली परवान्याशिवाय इकडं आणणं गुन्हा आहे. कणकुंबीला तपासणी असते. ‘एकच आहे, कोण बघतंय’ म्हणणारा मित्र भेटेल, त्याच्या गाडीत बसू नका.

गोवा शंभर-सव्वाशे किलोमीटर, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला घाटातून. नकाशा तीन तास सांगेल, रस्त्याची अवस्था पावसाळ्यानंतर काय असेल त्यावर ते खरं ठरतं. एका दिवसात जाऊन येणारे आहेत, मला ते झेपत नाही. आंबोली जवळ पडते, पण पावसाळी रविवारी धबधब्यापाशी पाण्यापेक्षा माणसं जास्त. मला विचाराल तर रविवारी पहाटे येळ्ळूरचा राजहंसगड. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, धुकं असलं तर शहर दिसतही नाही. वरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं, आधी भाजप सरकारकडून, मग काँग्रेसकडून. निवडणूक तोंडावर होती. खाली उतरून कॅम्पात नाश्ता, दुपारी नियाझची बिर्याणी, मग झोप. रविवार संपला.

एक गोष्ट बंद पडली तीही सांगून टाकते. पूर्वी मॅचच्या दिवशी अर्धी संध्याकाळ पोरं मोबाइलवर पैसे लावून टीम बनवण्यात घालवायची. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. आता तीच पोरं हरलेल्यानं भजी द्यायची असा जुगार खेळतात. माझा फायदाच झाला, भजी सगळ्यांना मिळतात.

राहण्याचं म्हणाल तर टिळकवाडी किंवा हिंदवाडी बघा. अनगोळ, मजगाव उद्यमबागेला जास्त जवळ आणि भाडं कमी, पण संध्याकाळी भेटायचं ठिकाण लांब पडतं. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी वेळेचं स्पष्ट विचारा, ‘बघू’ म्हणाली तर साडेनऊ समजा. सिटी बसच्या पाट्या बहुतेक कानडीत, तेव्हा आपल्या स्टॉपचं नाव आणि आकडे तेवढे ओळखायला शिका. बाकी वाहकाला मराठीत विचारलं तर बहुतेक वेळा मराठीतच उत्तर येतं. जूनमध्ये रुजू होणार असाल तर छत्रीच्या भरवशावर राहू नका, इथला पाऊस आडवा येतो. चांगला रेनकोट घ्या, पँटसकट.