स्वतःवर प्रेम करायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नक्की काय करायचं?

शाळेची नोकरी, घर आणि सासूबाईंचं दुखणं यात दिवस संपतो, सारखा थकवा, चिडचिड, आणि कुणी ‘स्वतःवर प्रेम कर’ म्हटलं की ते स्वार्थी वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मी वेंगुर्ल्याजवळ राहते, वय 49. माझ्या अनुभवाने सांगते, सुरुवात ताटापासून करा.

आमच्याकडे बांगडे आले की मधले तुकडे सगळ्यांना वाढायचे आणि डोकं-शेपटी मी घ्यायची. सकाळी दहाची पेज सगळ्यांची झाली की टोपाच्या तळाला उरलेली मी उभ्याउभ्याच संपवायची. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. घराची घाटी चढताना दम लागायचा, दुपारी डोळे मिटायचे, मुलांवर ओरडायचे आणि रात्री स्वतःलाच आळशी म्हणायचे. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.9! बाईला किमान 12 लागतं. इतकी वर्षं मी एका आजाराला आळस म्हणत होते, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं.

म्हणून तुम्ही आधी रक्त तपासून घ्या, थायरॉइडही. थकवा आणि चिडचिड दोन्हीत होते. रक्त कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील. त्या लिंबू सरबताबरोबर घेतल्या तर लोह चांगलं अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. मला बरं वाटायला काही महिने लागले.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मे महिन्यात आम्ही सोलां, म्हणजे आमसुलं करतो. रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. एका वर्षी दुपारी झोप लागली आणि वळवाच्या सरीने खळ्यातली, म्हणजे अंगणातली सगळी सोलां भिजली. मी स्वतःला मेली, वेंधळी, काय काय म्हणाले. तेवढ्यात शेजारीण रडवेली होऊन आली, तिचीही भिजली होती. तिला मी काय म्हणाले? ‘जावंदे गो, पाऊस काय सांगान येता?’ पाऊस तोच, खळी शेजारी-शेजारी. तिला दिलेली माया मला स्वतःला द्यायला सुचलीच नव्हती.

पुढे मुलीने मला क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं समजावलं. 2003 पासून त्या यावर लिहितायत. स्वतःशी मायेने वागणं, चुका आणि दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतात हे ओळखणं, आणि मनात जे चाललंय ते न दाबता, न वाढवता बघणं, असे तीन भाग त्या सांगतात. ऐकताना मला ती दोन खळी दिसत होती. तेव्हापासून स्वतःवर राग आला की शेजारणीला जे म्हटलं असतं तेच मी मनात म्हणते. पहिल्यांदा खोटं वाटतं, तरी म्हणा.

चालायला मी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाते, वाळू घट्ट असते. आठवड्याला 150 मिनिटं पुरतात.

पण ताई, दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं होत असेल, तर ते ताटाने आणि चालण्याने निभणार नाही. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आमच्याकडे लोक दचकतात, पण तिथे दाखवून, औषध घेऊन घरी येता येतं.

आता स्वार्थाचं. मी सासूबाईंबरोबरच दहाला पेज घ्यायला बसू लागले तेव्हा पहिले काही दिवस मला घास गिळवत नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस मी कपडे वाळत घालत राहिले, तर ओटीवरून हाक आली, ‘पेज घेऊक ये गो, माका एकटीक गोड लागणा नाय.’