खोकलं की लघवी सुटते, त्यावरच्या उपकरणाची चाचणी कशी असते? भाग घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की खोकताना, शिंकताना लघवी सुटते, आणि डॉक्टरांनी एका नव्या उपकरणाच्या चाचणीत याल का म्हणून विचारलंय. तिथे नेमकं काय करायला लावतात आणि निकाल कितपत खरा मानायचा, हे तुम्हाला हवंय. मी अशाच एका चाचणीत बारा आठवडे होते, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझं उपकरण योनीत बसवायची सिलिकॉनची मऊ रिंग होतं. तुमचं वेगळं असेल तर तपशील थोडे बदलतील, मोजणी मात्र साधारण हीच असते.

आधी 'स्ट्रेस' शब्दाचं. या तक्रारीला डॉक्टर 'स्ट्रेस इनकॉन्टिनन्स' म्हणतात. कागदावर तो वाचून मला वाटलं होतं, आता हे मला टेन्शन घेऊ नका म्हणून सांगणार. इथे स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब. खोकलं, शिंकलं, खळखळून हसलं, जड उचललं की तो वाढतो आणि मूत्राशयावर येतो. फिजिओताईंनी मला नळीचं उदाहरण दिलं. पाण्याची नळी फरशीवर असेल तर पाय दिला की धार थांबते. तीच नळी गादीवर पडली असेल तर पाय कितीही दाबा, पाणी येतंच. बाळंतपणं, वय, जुनाट खोकला, वाढलेलं वजन अशा कारणांनी मूत्रमार्गाखालची फरशी गादीसारखी होते. रिंगला पुढच्या बाजूला एक फुगीर उंचवटा असतो, तो मूत्रमार्गाखाली बसतो आणि तेवढ्यापुरती फरशी कडक करतो. रिंग काढली की गादी परत गादीच. चाचणीत 'फायदा झाला' असं कुणी म्हटलं की घातलेली असताना की काढल्यावरही, हे विचारायला विसरू नका.

पहिल्याच भेटीत सिस्टर एक गोष्ट फिरवून फिरवून विचारत होत्या: घाई लागते का? दाराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नाही असं होतं का? ती वेगळ्या जातीची गळती. तिथे मूत्राशय स्वतःच नको तेव्हा आवळतं, रिंगचा त्यावर इलाज नाही. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं. तुम्हाला असेल तर सरळ सांगा. लपवून आत शिरलात तर उपकरण चांगलं असूनही तुम्हाला कोरडं ठेवणार नाही.

आता मी केलेली चूक. उपकरण देण्याआधी तीन दिवस डायरी भरायची होती: किती प्यायलं, कधी गेलं, किती वेळा गळलं. शिवाय एक दिवस चोवीस तासांचे वापरलेले पॅड बंद पिशवीत आणून द्यायचे. मी ऐटीत डायरी नेली. 'थेंब-दोन थेंब', 'नाही', 'नाही', 'थेंब'. सिस्टरनी डायरी वाचली, पॅडचं वजन केलं, आणि विचारलं, "ताई, दिवसभरात पाणी एवढंच पिता?" बेरीज केली तर जेमतेम ९०० मिली. आणि लघवीला मी दर तासाला जात होते. बाहेर पडायच्या आधी एकदा, पोचल्यावर एकदा, कुणाला खोकला येतोय असं दिसलं तरी एकदा. वर्षानुवर्षं गळती चुकवत जगताना मी इतकी तरबेज झाले होते की कागदावर मला आजारच नव्हता. आणि आधीचा आकडा शून्याजवळ असला तर उपकरण घातल्यावर तो कमी होऊन होऊन कुठे जाणार? ते तीन दिवस मला पुन्हा करायला लावले. त्यांनी सांगितलं, नेहमीसारखं जगू नका, आजार नसता तर जसं जगला असता तसं जगा. ते दिवस लाजिरवाणे गेले. पण माझ्या मते सगळ्या चाचणीत त्याच दिवसांचा कागद सर्वांत खरा होता.

ही चोरी पकडायलाच दवाखान्यातली पॅड टेस्ट असते. एक तासाचा तो कार्यक्रम इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या लघवीच्या गळतीवर काम करणाऱ्या संस्थेने ठरवून दिलेला आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी तसाच करतात. आधी वजन केलेलं पॅड लावायचं. पंधरा मिनिटांच्या आत ५०० मिली पाणी संपवायचं आणि जरा बसायचं. मग अर्धा तास चालायचं, त्यात एक मजला चढून उतरायचा. नंतर खुर्चीतून दहा वेळा उठायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, जागच्या जागी मिनिटभर धावायचं, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची, आणि शेवटी मिनिटभर वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. वाहत्या पाण्याने मला रडकुंडीला आणलं. खोकल्याच्या वेळी सिस्टर माझ्याकडे न बघता मोठ्याने मोजत होत्या, "सहा... सात... जोरात हो ताई, हा काही खोकला नाही." तासाभरात लघवीला जायचं नाही.

मग पॅड काढून झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढलेली, आणि पिशवी काट्यावर. काटा साधा डिजिटल, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. आकडा आधी वर-खाली नाचतो, मग थांबतो. कोऱ्या पॅडचं आणि पिशवीचं वजन वजा केलं की उरते ती लघवी, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. एक ग्रॅमपर्यंत घाम किंवा अंगावरून जाणारं पांढरं धरतात, त्यापुढे गळती. माझे १८.४ ग्रॅम भरले. 'थेंब-दोन थेंब' लिहिणाऱ्या बाईचे! मी ओशाळून हसले, आणि हसताना अजून थोडं.

या टेस्टची खोटही सांगते. त्याच बाईचा आज आणि आठवड्याने आकडा बराच वेगळा येऊ शकतो. मूत्राशय किती भरलेलं होतं, खोकला मनापासून होता की नाही, सगळ्यावर ते अवलंबून. म्हणून रिंगशिवाय आणि रिंगसह, दोन्ही वेळा पाणी तेवढंच, जिना तोच, क्रम तोच हवा. तुमच्याकडे एकदाच घेणार असतील तर दोनदा का नाही, असं विचारायला संकोच करू नका.

रिंगचं माप बसवणं हा अंदाजाचाच खेळ. पहिली घातली ती उकिडवं बसताच घसरली. दुसरी टोचत होती. तिसरी घालून मला खोकायला, चालायला, वाकायला लावलं आणि मग लघवी करून या म्हणून पाठवलं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. गळती थांबली पण लघवीच उतरत नाही, असं झालं तर माप चुकलंय. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवायलाच नको. घरी पहिल्यांदा स्वतः घालताना मी वीस मिनिटं एक पाय स्टुलावर ठेवून उभी होते. चौथ्या दिवसापासून मिनिटाचं काम.

निकालाकडे कसं बघायचं? रिंग घातली आहे हे बाईपासून लपवता येत नाही. त्यामुळे 'काहीतरी उपाय चाललाय' या भावनेनेच बरं वाटणं निकालात मिसळतं. ते वेगळं काढायला तुलनेचा दुसरा गट लागतो. आमच्याकडे तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या बायकांचा होता, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवत होता. तुमच्या चाचणीत दुसरा गटच नसेल तर निकाल हातचं राखून वाचा.

व्यायामाशी तुलना का, तर तोच पहिला उपाय मानतात. उपचार कसे करावेत हे सुचवणारी ब्रिटनमधली नाइस ही संस्था निदान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं सुचवते, तीही देखरेखीखाली. अमेरिकेत ४४६ बायकांवर एक मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. एका गटाला रिंग, एकाला व्यायाम आणि सवयींचं प्रशिक्षण, एकाला दोन्ही. तीन महिन्यांनी 'खूप बरं आहे' असं म्हणणाऱ्या रिंगवाल्या ४० टक्के, प्रशिक्षणवाल्या ४९ टक्के. वर्षाने गटांमधला फरक उरला नाही. म्हणजे रिंग चालते, पण व्यायामावर मात करते असं काही नाही. तुमचं उपकरण मोबाइलवर स्नायूंची हालचाल दाखवणारं असेल तर तेही ऐका: इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ६०० बायकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामाला बायोफीडबॅक यंत्राची, म्हणजे स्नायू कसे आवळले जातात ते दाखवणाऱ्या यंत्राची, जोड दिली, दोन वर्षांनी नुसत्या व्यायामापेक्षा फायदा दिसला नाही. आणि तुमचं उपकरण लेझरचं असेल तर औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये योनीवरच्या अशा यंत्रांबद्दल इशारा दिला होता, भाजण्याचे प्रकार झाले होते. तिथे जरा जास्त प्रश्न विचारा.

ग्रॅमशिवाय एक प्रश्नावलीही असते, ० ते २१ गुणांची. किती वेळा गळतं, किती गळतं, आणि रोजच्या जगण्यात किती आड येतं. शेवटच्या प्रश्नाला ० ते १० मधला आकडा द्यायचा. मी सुरुवातीला ८ दिला होता. बाराव्या आठवड्यात रिंग घालून पॅड टेस्ट ३.१ ग्रॅम आली आणि मी ३ दिला. पण माझ्याबरोबरच्या एका बाईंचे ग्रॅम माझ्यापेक्षाही जास्त घटले होते, तरी त्यांनी ७ च ठेवला. रोज उठून ती वस्तू आत घालणं त्यांना सोसत नव्हतं. ग्रॅमचा तक्ता बघणाऱ्याला त्या यशस्वी वाटतील, त्यांना विचाराल तर त्या नाही म्हणतील. मला तरी त्यांचंच पटतं.

भाग घ्यायचा का? माझं उत्तर, घ्या. अट एवढीच की संमतीपत्र घरी नेऊन वाचायला देतील आणि मध्येच सोडलंत तरी नेहमीचे उपचार चालू राहतील असं त्यात लिहिलेलं असेल. गरोदर असाल, लघवीला जळजळ असेल, किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल तर आधी ते सांगा. चाचणीत असताना रक्त, ताप, घाणेरडा वास किंवा लघवी अडणं यातलं काहीही झालं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. मला पाचव्या आठवड्यात स्राव वाढला होता. रिंग नीट धुतली जात नव्हती, एवढंच निघालं.

आणि एक प्रश्न सही करण्याआधीच विचारून ठेवा: चाचणी संपल्यावर उपकरण तुमच्याकडे राहणार का? मी विचारलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सिस्टरनी स्टीलचा ट्रे पुढे केला तेव्हा कळलं.