चर्चच्या तरुण संघाला आठवडाभराच्या मिशन ट्रिपवर शहरातल्या गरीब वस्तीत नेतोय. काय तयारी करू?

तुमच्या चर्चची १४ ते १८ वयाची १६ मुलं जुलैमध्ये आठवडाभर शिकागोच्या पश्चिम भागात, नॉर्थ लॉनडेलमध्ये जाणार आहेत आणि तुम्ही पहिल्यांदाच नेताय. मुलांना तिथे काय काम द्यावं आणि एका आठवड्याने वस्तीला खरंच काही उपयोग होतो का, हे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी शिकागोच्या एका उपनगरातल्या मंडळीत नऊ वर्षं तरुण संघाचं काम पाहतोय. याच भागात सहा उन्हाळे मुलांना घेऊन गेलोय. पहिल्या उन्हाळ्यात आमचं फार चुकलं, तिथूनच सांगतो.

आम्ही जय्यत तयारीने गेलो होतो. तीन महिने बाहुल्यांचा खेळ बसवला, बायबलमधल्या गोष्टींची गाणी पाठ केली, हस्तकलेच्या सामानाची खोकी गाडीत भरली. यजमान मंडळी दर उन्हाळ्यात लहान मुलांसाठी सहा आठवड्यांचा डे कॅम्प, म्हणजे दिवसभराचं शिबिर, चालवते. त्यातला एक आठवडा आम्ही ‘घ्यायचा’ असं ठरलं होतं. कॅम्पवर वस्तीतलीच सहा-सात किशोरवयीन मुलं कामाला होती. शिकागोत उन्हाळ्यात मुलांना पगारी काम मिळवून देण्याची शहराची योजना आहे, त्यातून ती आली होती. त्यांच्यात सोळा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातात कायम एक क्लिपबोर्ड असायचा: कोणाला दमा आहे, कोणाचा इन्हेलर कुठल्या दप्तरात आहे, कोणाला घ्यायला आजी येणार आणि कोणाला काकांबरोबर मुळीच सोडायचं नाही, हे सगळं त्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं. सोमवारी सकाळी आमची मुलं तिला अगदी प्रेमाने म्हणाली, “तू आज बस, आराम कर, आम्ही बघतो.” ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. क्लिपबोर्ड मांडीवर.

दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. बाहुल्यांचा खेळ रंगात असतानाही पोरं उठून तिच्याकडे जायची. बुटाची नाडी सुटली की तिच्याकडे, शू लागली की तिच्याकडे, भांडण झालं की तिच्याकडे. आमच्या मुलांना त्यांची नावंही येत नव्हती.

बुधवारी जेवणाच्या वेळी ते उघडं पडलं. अशा कॅम्पांना उन्हाळ्यात शाळा बंद असताना केंद्र सरकारच्या शेतकी खात्याच्या योजनेतून जेवण येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला ते फुकट, नाव-उत्पन्न काही विचारायचं नाही. मात्र हिशेब काटेकोर असतो. मुलाच्या हातात जेवण पडलं की लगेच एक खूण करायची, जेवण तिथेच बसून खायचं, आणि मुलाला नको असलेलं न उघडलेलं दूध किंवा फळ वेगळ्या टेबलावर ठेवायचं म्हणजे दुसऱ्या कोणाला घेता येतं. आमच्या एका मोठ्या स्वयंसेवकाने खोक्यात उरलेलं सँडविच उचललं आणि एक घास घेतला. ती मुलगी उठली, त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “हे मुलांचं आहे. मोजलेलं आहे.” तो शरमला. मी तिथेच उभा होतो आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

त्या संध्याकाळी तिथल्या पाळकांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ही मुलं इथे पुढारी व्हायला शिकतायत. तुम्ही आलात आणि त्यांना प्रेक्षक केलंत.” मला रात्री झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी मी माझ्या मुलांसमोर त्या मुलीची माफी मागितली आणि विचारलं, आम्ही काय करू? तिने क्षणभर विचार केला आणि कामं वाटली. आमच्या सगळ्यात बडबड्या मुलाला तिने बाथरूमच्या रांगेपाशी उभं केलं, एका मुलीला फक्त पाण्याच्या बाटल्या भरायला लावल्या. आठवड्यातले तेच दोन दिवस आमचे खरे उपयोगाचे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: कामाची यादी तुम्ही करूच नका. यजमान मंडळीला विचारा की तुमच्या उन्हाळ्याच्या कामात कुठे हात कमी पडतात. ते जे सांगतील ते करा. मग ते खुर्च्या मांडणं असो, तळघर साफ करणं असो, नाहीतर दुपारभर फोटोकॉपी काढणं असो. आणि तुमच्या मुलांना त्यांच्या मुलांच्या हाताखाली द्या, शेजारी नव्हे, हाताखाली. उपनगरातल्या पोरांना वस्तीतल्या समवयस्काकडून सूचना घ्यायची सवय नसते. त्यांना दुसऱ्या कशातून शिकायला मिळणार नाही ते यातून मिळतं.

आता तयारी. निदान तीन रविवार फक्त त्या जागेची ओळख करून द्यायला ठेवा. आमच्या गाडीत एका मुलाने रिकामे प्लॉट आणि दारं-खिडक्यांना फळ्या ठोकलेली घरं बघून विचारलं होतं, “इथली माणसं आपली घरं नीट का ठेवत नाहीत?” प्रश्न निरागस होता, पण आधी कोणी काही सांगितलं नसेल तर प्रत्येक मूल आपापलं उत्तर मनात तयार करतं, आणि ते बहुतेक वेळा माणसांना दोष देणारं असतं.

त्याला सांगावं लागलं की १९५० साली या भागात काळ्या लोकांचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं आणि १९६० साली ९१ टक्के. दहा वर्षांत गोरी कुटुंबं निघून गेली. काळ्या कुटुंबांना बँका घरकर्ज देत नव्हत्या, कारण १९३० च्या दशकापासून सरकारी संस्थाच अशा वस्त्यांना धोक्याच्या ठरवत होत्या आणि तिथल्या कर्जांना हमी नाकारत होत्या. मग दलाल स्वस्तात घर उचलायचे आणि दुपटीने, कधी त्याहूनही चढ्या भावाने ‘करारावर’ विकायचे. घर नावावर व्हायचं शेवटचा हप्ता फिटल्यावर. मधला एक हप्ता चुकला तरी घर जाऊ शकायचं आणि भरलेले सगळे पैसेही. हप्ते भागवण्यासाठी माणसं दोन-दोन नोकऱ्या करायची, भाडेकरू ठेवायची, दुरुस्ती लांबणीवर टाकायची. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. पुढे १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर जाळपोळ झाली, १९७० च्या दशकात सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचं मुख्यालय इथून डाउनटाउनला गेलं, कारखाने बंद पडले. १९६० मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोकवस्ती होती, आज साधारण ३५ हजार आहे. रिकामे प्लॉट कुठून आले हे मग कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

याच इतिहासात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. किंग स्वतः १९६६ च्या जानेवारीत इथल्या हॅम्लिन अव्हेन्यूवरच्या एका मोडकळीला आलेल्या घरात राहायला आले होते, घरांच्या प्रश्नावर आंदोलन करायला. पण मला मुलांना सांगायला आवडते ती गोष्ट जॅक मॅक्नमारा यांची. ते कॅथलिकांमधल्या जेझुइट पंथाचे, पाळकपदाचं शिक्षण घेणारे तरुण होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते लॉनडेलमध्ये राहायला आले. आपण काय द्यायचं हे त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. घरोघरी बोलता बोलता हे करार समोर आले. मग विद्यार्थ्यांनी जमिनीच्या नोंदींची दप्तरं उपसली आणि दलालाने घर कितीला घेतलं, कितीला विकलं याचे आकडे काढले. पण पुढे उभी राहिली ती तिथलीच माणसं. रूथ वेल्स या बाई आपल्या दलालासमोर जाऊन जाब विचारणाऱ्या पहिल्या. त्यातून १९६८ मध्ये करारावर घरं घेतलेल्यांची संघटना झाली, लोकांनी हप्ते रोखून धरले, काहींची घरं रिकामी केली गेली, आणि शेवटी शेकडो करार नव्याने, कमी रकमेवर झाले.

त्या विद्यार्थ्यांचं काम आठवड्याचं नव्हतं हे मान्य. तुमची मुलं आठवड्यात असं काही करणार नाहीत, आणि करतील असं त्यांना सांगूही नका. ‘आपण वस्ती बदलायला चाललोय’ हे वाक्य निधी गोळा करतानाच्या प्रार्थनासभेत हमखास येतं. ते तिथेच थांबवा. पण कागद तपासण्यासारखं मागे राहून करायचं कामही प्रभूचं काम असतं, हे त्यांना या गोष्टीतून कळतं.

सुवार्तेबद्दल. पालक आणि वडीलमंडळ विचारतात, मुलं तिथे साक्ष देणार, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणार, की नाही? नॉर्थ लॉनडेलमध्ये जवळपास प्रत्येक रस्त्यावर चर्च आहे. डग्लस बुलेवर्डवरची काही चर्चं तर पूर्वीची सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहं आहेत, कारण आधी इथे ज्यू वस्ती होती. आपल्या आधी कितीतरी पिढ्या इथे गुडघे टेकून प्रार्थना झालेली आहे. मी मुलांबरोबर लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचतो. तिथे येशू शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवतो आणि म्हणतो की पैशाची थैली नेऊ नका, एकाच घरात राहा, वाढतील ते खा. म्हणजे पाहुणे म्हणून जा, यजमानावर अवलंबून राहा. आमच्या मुलांनी रविवारी तिथली उपासना पाहिली, एका आजींची साक्ष ऐकली, आणि परतताना गाडीत पहिल्यांदाच कोणी गाणं लावा म्हणालं नाही.

आजी-आजोबांना भेटायला जरूर न्या, पण यजमान मंडळीतल्या माणसाबरोबरच. यामागे एक कारण आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भयानक लाट आली आणि नेहमीपेक्षा सातशेहून जास्त माणसं दगावली. नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर शेजारच्या लिटिल व्हिलेजच्या सुमारे दहा पट होता. गरिबी दोन्हीकडे होती, एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे होते. पण लिटिल व्हिलेजचे रस्ते दुकानांनी, माणसांनी भरलेले होते, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला, चार पावलं जाऊन थंडाव्याला बसायला जागा होती. इथे घरं उजाड, दुकानं बंद, त्यामुळे माणसं दार लावून आत राहिली. म्हणून तास-दीड तास शेजारी बसून गप्पा मारणं हे यादीतलं बिनमहत्त्वाचं काम समजू नका.

सुरक्षिततेबद्दल यजमानांचे नियम शब्दशः पाळा: किती वाजता आत यायचं, कोणत्या कोपऱ्यावरून जायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासणी आधी करून घ्या आणि एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीही थांबायचं नाही. फोटोंबाबत मी कडक आहे. लहान मुलांचे फोटो नाहीत, पालकांनी लेखी परवानगी दिली असेल तरी आमच्या फोनवर नाहीत. घरी गेल्यावर ‘ते किती गरीब पण किती आनंदी’ असं म्हणत फिरणारा फोटो त्या मुलाने मोठेपणी पाहिला तर त्याला काय वाटेल, एवढाच प्रश्न मी आमच्या मुलांना विचारतो.

पैशांचं उघड बोला. आम्ही पहिल्या वर्षी माणशी ४०० डॉलर गोळा केले आणि त्यातले बहुतेक टी-शर्ट, गाडीभाडं, हस्तकलेचं सामान आणि शेवटच्या दिवशीच्या वॉटर पार्कवर गेले. आता टी-शर्ट नाहीत, वॉटर पार्क नाही, आणि निम्मी रक्कम कॅम्पच्या हातात जाते, कशावर खर्च करायची ते त्यांनी ठरवायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यातून आणखी एका मुलाला उन्हाळाभर कामावर घेतलं. किराणा आणि जेवणही वस्तीतल्याच दुकानांतून घ्या.

आणि परत जा. त्याच जागी, दरवर्षी. आम्ही ऑक्टोबरमध्ये एका रविवारी काही काम न ठरवता नुसते उपासनेला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती क्लिपबोर्डवाली मुलगी दारात स्वागताला उभी होती. तिने आमच्या त्या बडबड्या मुलाला नावाने हाक मारली आणि विचारलं, “रांग लावायला आलास का?” तो आता स्वतः आमच्या तरुण संघात मला मदत करतो आणि जायच्या आठवडाभर आधी कॅम्पमधल्या सगळ्या मुलांची नावं पाठ करून येतो.

तुमच्या तारखा अजून पक्क्या झाल्या नसतील तर आधी यजमान पाळकांना फोन करा. कॅम्पचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा त्यांची मुलं स्वतःच काम शिकत असतात. शेवटच्या दोन आठवड्यांत सगळे थकलेले असतात, बहुधा तेव्हाच हात कमी पडतात. काय म्हणाले ते इथे लिहा, मुलांसाठी तीन रविवारांचा आराखडा मी आनंदाने पाठवीन.