घड्याळाचं दुखणं : पाण्यात घालायचं घड्याळ

(वाचकांचे प्रश्न आणि रत्नागिरीतल्या एका घड्याळ कारागिराची उत्तरं)

प्रश्न : काका, जानेवारीत मी अंदमानात स्वराज द्वीपला स्कुबाचा पहिला कोर्स करणार आहे. नोकरी लागली तेव्हा बाबांनी दिलेलं घड्याळ माझ्याकडे आहे, पाच वर्षं रोज वापरतेय. मागे ‘वॉटर रेझिस्टंट ५० मीटर’ असं कोरलंय. कोर्समध्ये आम्ही १८ मीटरपेक्षा खाली जाणार नाही, मग हे चालेल ना? नवीन घ्यायचं झालं तर पंधरा हजारांत काय बघू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ते घड्याळ घरी ठेवून जा. बाबांनी दिलेलं आहे म्हणून तर नक्कीच.

५० मधून १८ गेले, ३२ मीटर हाताशी राहिले, हा हिशेब कोणीही करेल. पण झाकणावरचे मीटर ही उतरायची खोली नव्हे. कोऱ्या घड्याळावर कारखान्यात तेवढ्या खोलीच्या पाण्याइतका दाब देऊन बघितलेला असतो, आणि तोही लॉटमधल्या काही नगांवरच. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक आयएसओ २२८१०, त्यात एवढं चालतं. डायव्हिंगच्या घड्याळांचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. त्यात १०० मीटरहून कमी आकड्याचं घड्याळ बसतच नाही. प्रत्येक नग तपासावा लागतो आणि दाब लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट द्यावा लागतो. म्हणजे २०० मीटरचं घड्याळ २५० मीटरइतका दाब सोसून बाहेर पडतं. त्यावर आकड्याच्या जोडीला ‘डायव्हर्स’ हा शब्द असतो. आधी तो शोधा.

दुकानात बरेच जण सांगतात, पाण्यात हात मारला की दाब कितीतरी वाढतो, म्हणून ५० मीटरचं चालत नाही. हे खरं नाही. सेकंदाला दोन मीटर वेगानं हात फिरवला तरी वाढणारा दाब जेमतेम वीतभर पाण्याइतका असतो. घड्याळ दगा देतं ते रबरामुळे. झाकणाखाली, चावीच्या नळीत आणि बहुतेक घड्याळांत काचेच्या कडेलाही एक बारीक रिंग असते. पाण्याला अडवणारं एवढंच. घाम, ऊन, गरम पाण्याची आंघोळ, अत्तराचे फवारे यांनी ती रिंग पाच वर्षांत कडक होते, चपटी होते. सेल बदलताना कोणी जुनीच रिंग तशीच दाबून बसवली असेल, तर मागच्या ५० मीटरला काही अर्थ उरत नाही.

मे संपला की मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद होतं. जूनमध्ये तिथली मुलं आपापली घड्याळं घेऊन माझ्याकडे येतात. झाकण उघडलं की खोबणीतलं रबर दोऱ्यासारखं सपाट झालेलं दिसतं, चावीच्या आट्यांत मिठाचा पांढरा थर बसलेला असतो. मी माझ्या टेबलावर जे बघत आलोय त्यावरून सांगतो, पाणी झाकणातून कमी शिरतं, चावीतून जास्त. एका मुलाचं घड्याळ चांगलं २०० मीटरचं होतं, पहिल्या सीझनच्या कमाईतून घेतलेलं. रात्री वेळ लावली आणि चावी नुसती आत दाबली, आटे फिरवून घट्ट केली नाही. सकाळच्या पहिल्याच डाइव्हला काचेत पाणी आलं. माझ्याकडे आला तो चार दिवसांनी. तोवर केसासारखी बारीक स्प्रिंग गंजून गेली होती. मशीन वाचवता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याच दिवशी कोणीतरी उघडून गोड्या पाण्यानं धुऊन वाळवलं असतं तर कदाचित वाचलं असतं. म्हणून एक सवय लावून घ्या. बोटीत पाय ठेवायच्या आधी बोटानं चावी तपासायची, रोज. आणि खारं पाणी गेलंच, तर मुक्काम संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या कारागिराला गाठा.

आता खरेदी. तुमच्या रकमेत कॅसिओचं ड्युरो आरामात बसतं. २०० मीटर, आट्यांची चावी, काचेभोवती मिनिटांच्या खुणांची फिरती कडी. ‘डायव्हर्स’ हा शब्द त्यावर नाही, हे मात्र माहीत असू द्या. तरीही कोर्सच्या १८ मीटरला मी ते बिनघोर घालू देईन. थोडे पैसे वाढवता आले तर सिटिझनच्या प्रोमास्टर मालिकेतलं उजेडावर चालणारं डायव्हर्स २०० मीटर बघा. माझी स्वतःची पसंती त्याला आहे. त्याला दर दोन-तीन वर्षांनी सेल लागत नाही, म्हणून झाकण वारंवार उघडावं लागत नाही, आणि न उघडलेलं झाकण सहसा गळत नाही. लाल काट्यांवर भुलू नका. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग जातो, पाचेक मीटरखाली तो मळकट दिसायला लागतो. काट्यांवर जाड चमकता लेप हवा. दुकानात दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत घड्याळ झाकून आत डोकावून बघा, मिनिटकाटा चटकन ओळखू आला पाहिजे.

नवीन असलं तरी निघण्याआधी घरी एक परीक्षा करा. घड्याळ कोमट पाण्यात, आंघोळीच्या पाण्याहून कमीच ऊन असलेल्या, थोडा वेळ ठेवा. पुसून काचेवर गार पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरानं थेंब पुसल्यावर आतून धुकं दिसलं, तर आत ओल आहे. तसंच दुकानात परत न्या.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे डाइव्ह कॉम्प्युटर आहेत. माझ्या हातात घड्याळही बघून मित्र म्हणतात, हे आता शोभेचं. तुमचं मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कॉम्प्युटर हवाच. तो खोली आणि वेळ दोन्ही मोजतो आणि अजून किती मिनिटं थांबता येईल ते सतत सांगतो. परतीचं विमान असलं की तुम्ही कधी उडू शकता तेही दाखवतो. अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, हा नियम विसरू नका. घड्याळ हे काम करू शकत नाही.

पण पाण्याखाली कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला तर हातात काय उरतं? पाण्यात शिरताना फिरत्या कडीची खूण मिनिटकाट्यासमोर आणलेली असेल, तर किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं. मग डाइव्ह तिथेच संपवायची, जोडीदाराला खूण करायची, सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ती तीन मिनिटं मनात मोजू नका. घाबरलेल्या माणसाचं मिनिट फार लहान असतं.

ती कडी फक्त डावीकडे फिरते, यामागेही विचार आहे. कुठे आपटून ती सरकली, तर झालेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. म्हणजे तुम्ही लवकर वर याल. १९५३ साली ब्लाँपँ या स्विस कंपनीनं फिरत्या कडीचं फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ काढलं, तेव्हा कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः डायव्हिंग करत होते. पाण्यात वेळेचा अंदाज चुकणं काय असतं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचं वाव. पन्नास वाव, साधारण ९१ मीटर. तेव्हापासून आजपर्यंत डायव्हिंगच्या घड्याळाचा चेहरा जवळजवळ तोच राहिलाय.

तुमचं घड्याळ हातातच राहू दे. फक्त त्यात स्टॉपवॉचची बटणं असतील तर, कंपनीनं तशी मुभा दिलेली नसेल तेव्हा, ती पाण्यात दाबू नका.

प्रश्न : वेटसूटवरून घातलेलं घड्याळ खाली गेल्यावर सैल होऊन मनगटावर फिरतं. पट्टा घट्ट करून पाहिला तर वर हाताला रग लागते.
— एक वाचक, पणजी

उत्तर : पट्ट्याचा दोष नाही. वेटसूटच्या कापडात हवेचे बारीक बुडबुडे असतात. खाली दाबानं ते आक्रसतात, कापड पातळ होतं, तसं मनगटही बारीक होतं. त्यासाठीच मनगटाजवळ चुण्या असलेले रबरी पट्टे निघाले, ते ताणले जातात आणि पुन्हा आवळतात. तसा एक घ्या. आपल्याकडच्या कोमट पाण्यात सूट पातळ असतो, तेव्हा बाही थोडी वर सारून घड्याळ सरळ कातडीवर बांधलं तरी चालेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही पिना. त्यांच्या आतली स्प्रिंग मिठानं गंजते आणि बाहेरून कळतही नाही. दर सीझनला बदला, खर्च किरकोळ आहे. नायलॉनचा एकसंध पट्टा दोन्ही पिनांच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीला लटकून राहतं. चामड्याचा पट्टा समुद्रात नकोच.

प्रश्न : मुलाला भेट म्हणून डायव्हिंगचं घड्याळ घ्यायचं आहे. दुकानदार हेलियम व्हॉल्व्हवालं घ्या म्हणतो, किंमत बरीच जास्त आहे. घ्यावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका घेऊ. तो व्हॉल्व्ह दाब वाढवलेल्या बंद कक्षात हेलियममिश्रित हवेत दिवसच्या दिवस राहणाऱ्या सॅच्युरेशन डायव्हर्ससाठी आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर अशी माणसं काम करतात. हेलियमचे सूक्ष्म कण घड्याळात शिरतात आणि दाब उतरवताना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडू शकते. तुमचा मुलगा सुट्टीत डायव्हिंग करणार असेल, तर हेलियमशी त्याचा संबंध येणार नाही. उरलेल्या पैशांत दोन जादा पट्टे आणि पिनांची एक जोडी घ्या. आणि त्याला सांगा, बोटीवरून उतरल्यावर चावी बंद ठेवूनच घड्याळ बादलीभर गोड्या पाण्यात बुडवायचं, पाण्यातच कडी दहा-बारा वेळा फिरवायची आणि सावलीत फडक्यावर वाळत ठेवायचं.