हॉलला गडद टील रंग दिला तर खोली अंधारी वाटेल का? घरचे ऑफ-व्हाइटवर अडून आहेत.

बिनधास्त द्या. टील म्हणजे आपला मोरपंखीच, निळा-हिरवा. फक्त चारही भिंतींना नको, सोफ्यामागच्या एकीलाच. बाकीच्या तीन आणि छत किंचित पिवळसर पांढरं ठेवा, अंधार वगैरे काही होत नाही.

खरं तर ‘घरचे अडून आहेत’ हे वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे धाकटे दीर अडून बसले होते. बांधकामातले, त्यामुळे भिंतीचं सगळं आपल्यालाच कळतं अशी समजूत. म्हणे, “वहिनी, कोथरूडचा फ्लॅट आहे, राजवाडा नाही. उद्या विकायला काढलात तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.” विकायचाय कोणाला?

सासूबाईंची मोरपंखी पैठणी आहे, येवल्याची. मला तो रंग भिंतीवर हवा होता. पैठणी काही रंगाच्या दुकानात नेववेना, म्हणून ब्लाउजपीसची चिंधी पर्समध्ये घालून नेली. दुकानदाराने शेड कार्ड पुढे केलं, डोक्यावर पांढरी ट्यूब. लक्ष्मी रोडवर साडी कशी दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतो, तशी मी कार्ड घेऊन फुटपाथवर आले. आत निळा वाटणारा रंग बाहेर चक्क हिरव्याकडे झुकला! मग दोन शेडचे लहान डबे आणले, भिंतीवर हातभर पट्टे ओढले आणि सकाळ-संध्याकाळ बघत राहिले. दीर येता-जाता विचारायचे, “लागला का निकाल?”

रंगाऱ्याने पहिला हात मारला आणि भिंतभर ढग उठले. दीर खूश. आता बांधकामातल्या माणसाला हे माहीत हवं की गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे रंग मिसळायच्या मूळ पेंटमध्ये, बनवतात त्यात खालचं झाकणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड फार कमी असतं, त्यामुळे एका हातात भिंत झाकली जात नाही. “ताई, दोन हातांत बसेल,” असं रंगारी म्हणत होता. मी तिसरा मारायला लावला, तेव्हा भिंत एकसारखी झाली. तुम्ही प्रायमरच राखाडी करून घ्या, एखादा हात वाचेल. आणि रंग मॅटच घ्या, चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

दिवे पिवळे लावा, 3000 केल्विनच्या आसपासचे. 6500 ची पांढरी ट्यूब या रंगाची पार वाट लावते. पुढे तुळशीबागेतली पितळी समई आणि एखादी सागवानी खुर्ची ठेवली की बास.

हां, एक राहिलंच. भिंत बाथरूमला लागून असेल किंवा पश्चिमेचा पाऊस झेलणारी असेल तर आधी ओल बंद करा. गडद रंगावर क्षारांचे पांढरे डाग लांबून दिसतात. घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारा. पुन्हा पांढऱ्यावर यायचं तर आधी प्रायमर मारावाच लागतो. दीर अजून यावरच बोट ठेवतात. ठेवू देत.

घरच्यांना कार्ड दाखवत बसू नका, तेवढ्याशा चौकोनात गडद रंग कोणालाच आवडत नाही. सरळ पट्टा ओढा आणि दिवाळीपर्यंत कोणी काय म्हणतंय ते ऐकू नका. आमच्या दिरांनी गेल्या दिवाळीला स्वतःच्या बेडरूमला गडद राखाडी दिलाय. त्याला ते ‘मॉडर्न’ म्हणतात.