रॅम, जीबी, ब्राउझर, क्लाउड, सर्व्हर हे शब्द निवृत्त माणसाला कळतील असे कुणी सांगेल का?

तुम्ही लिहिलंय की बँकेतून निवृत्त झालात, मुलगा बोलताना हे पाच शब्द फेकतो आणि विचारलं की वैतागतो. पाचही सांगतो, पण मी जीबीवर, म्हणजे साठवणीच्या मापावर, अडकणार आहे. त्या शब्दापायी सासुरवाडीत ऐन दिवाळीत मी चोर ठरलोय.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २०१४ साली मेहुणीच्या लग्नाचं शूटिंग ठेवायला सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्याकडून १ टीबीची हार्ड डिस्क मागवली. मी खरेदीच्या भावात दिली, वर कव्हर फुकट. अण्णा तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर होते. माणूस सरळ, पण उसाची गाडी उतरली की कुणी ना कुणी 'काटा मारला' म्हणत अंगावर यायचंच. असा जन्मभर हे ऐकलेला माणूस भाऊबीजेला, फराळाची ताटं समोर असताना, सगळ्यांदेखत मला म्हणाला, "जावईबापू, काटा मारलात."

झालं होतं असं. निवृत्तीनंतर अण्णांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: १ टीबी म्हणजे १०२४ जीबी. लॅपटॉपला डिस्क जोडली तर आकडा आला ९३१. वजाबाकी ९३. ते ९३ जीबी जावयाने खाल्ले.

वहीप्रमाणे त्यांचा हिशेब बरोबर होता, हे मला आजही कबूल आहे. भानगड अशी की एकाच नावाची दोन मापं चालतात. बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात: हजार बाइटचा केबी, हजार केबीचा एमबी, असं वर जात १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. लॅपटॉप ज्या प्रणालीवर चालतो ते विंडोज तेच बाइट १०२४ ने भागतं आणि पुढे नाव मात्र जीबीच लिहितं. मी म्हटलं, अण्णा, तुमच्यासमोर भागाकार करतो. त्यांचा कॅल्क्युलेटर बारा घरांचा, आकडा तेरा घरांचा, मावेना. एक शून्य गाळून केलं असतं तर पुन्हा काटा मारल्याचा आरोप! शेवटी लॅपटॉपवर केलं. १०२४ ने एकदा भागलं, ९७६५६२५००. दुसऱ्यांदा ९५३६७४. तिसऱ्यांदा ९३१. डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजसुद्धा उघडून दाखवल्या. तिथे एकाच ओळीत दोन्ही आकडे असतात: अलीकडे बाइट, पलीकडे जीबी. बाइट एक लाख कोटीहून थोडे जास्तच निघाले. म्हणजे झुकतं माप!

अण्णा ढिम्म.

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, माझ्या आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या. परवा सोनाराने वजन केलं तर साडेचारच्या वर भरल्या. सोनं वाढलं होय? तोळा हलका झाला." जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. माप लहान झालं की आकडा फुगतो, मोठं घेतलं की आकसतो, माल तेवढाच. मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना समजावतोय, मला हे सुचलं नव्हतं.

अण्णांनी चकली मोडली आणि म्हणाले, "मग मला जुन्या तोळ्याने द्या."

आता तुम्ही आकडेमोडीतले, तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? १९९८ सालीच १०२४ च्या मापाला 'गिबीबाइट' असं वेगळं नाव ठरलंय, विंडोज ते लावत नाही. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरमध्ये २००९ पासून हजाराचा हिशेब आहे, हीच डिस्क तिथे १ टीबीच दाखवेल. अण्णांकडे मॅक असता तर मी सुटलो असतो.

म्हणून मुलाने व्याख्यांची वही करायला सांगितली तर करू नका. शब्द अडेल तेव्हा विचारा, आणि मुलगा वैतागला तर त्याला ९३१ चा हिशेब घाला.

उरलेले भराभर. रॅम, म्हणजे काम चालू असतानाची कॉम्प्युटरची तात्पुरती जागा, हा कॅशियरचा गल्ला, हार्ड डिस्क म्हणजे स्ट्राँगरूम. दिवसभराचं काम गल्ल्यातून चालतं आणि संध्याकाळी तो रिकामा होतो. फक्त इथे आत न ठेवलेली रक्कम सकाळी सापडत नाही, म्हणून सेव्ह करायचं. ब्राउझर म्हणजे ज्यातून वेबसाइट बघता ते, उदाहरणार्थ क्रोम. गूगल हे शोधून देणारं, म्हणजे ब्राउझरमधून गाठायचं एक ठिकाण. 'गूगल बंद पडलंय' म्हणत माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं वायफाय गेलेलं असतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली हार्ड डिस्क, बरेचदा आपण भाडं भरायचं. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरला दुरून माहिती पुरवणारा कॉम्प्युटर; तुम्हाला मी काय सांगणार, 'सर्व्हर डाउन आहे' हे आम्ही काउंटरच्या अलीकडून ऐकत आलोय.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो, कारण त्यावरूनही भांडणं होतात. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असला तरी फाइल उतरताना सेकंदाला फार तर साडेबारा एमबी दिसणार. प्लॅनमधला बी बिटचा, फाइलमधला बाइटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. केबलवाल्याला फोन करू नका.

हां, आणि नव्या मोबाइलमध्ये जागा कमी दिसली तर सगळा दोष दोन मापांवर ढकलू नका. तिथे कंपनीने आधीच भरलेल्या सामानानेही बरीच जागा अडवलेली असते. आणि कुणी तुम्हाला खरंच बनावट पेनड्राइव्ह गळ्यात मारला, १२८ लिहिलेला आणि आत ८ चा, तर ती शुद्ध काटामारीच. तेव्हा जरूर भांडा.

ती डिस्क मागच्या वर्षी फोटो काढून घ्यायला माझ्याकडे आली होती. अजून चालते. फुकट दिलेल्या कव्हरवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर अण्णांचं अक्षर: 'भरली ९३१. येणे ९३.'