'आय ॲम हॅपीनेस' म्हटलं तं पोरं हासली!

प्रश्न : भाऊ, पोरगी दहावी पास झाली तं मी सरले म्हटलं, 'आय ॲम हॅपीनेस', पोरं खदखदा हासली ना बाप्पा! काय चुकलं?
– एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : हासू द्या त्यायले. हॅपीनेस म्हणजे आनंद, हॅपी म्हणजे आनंदी, आता 'मी आनंद हाओ' कोणी म्हनते का? 'आय ॲम हॅपी' म्हणा, झालं. पण खरी गंमत पुढंच हाये, हा शब्द आला जुन्या 'हॅप' वरून, हॅप म्हणजे नशीब, तं सुरुवातीले हॅपीचा अर्थच होता नशीबवान, आनंदी हा अर्थ मागून चिकटला, अन् 'हॅपन' (घडणं), 'परहॅप्स' (कदाचित) हे बी त्याच खोडाचे फाटे (पावसाच्या भरोशावर पऱ्हाटी लावणाऱ्याले हे वेगळं काय सांगू!). पोरीसाठी खुश असान तं 'हॅपी फॉर हर', मार्कांवर खुश असान तं 'हॅपी विथ हर मार्क्स'. पेढे इकडं बी पाठवजा.